तीन गावांत दुकानं, वर ऑनलाइन ऑर्डरी: स्टॉक जुळत नाही, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कोणतंही घ्या. टॅली असेल तर तेही चालेल, त्यात प्रत्येक दुकानाचं वेगळं गोडाऊन उघडता येतं. तुमचं दुखणं सॉफ्टवेअरचं नाहीच. "माल गरजेप्रमाणे इकडून तिकडे जात असतो" असं तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, दुखणं तिथे आहे.

आमचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. दुकानं कोल्हापूर, पुणे आणि बेळगावला, शिवाय ऑनलाइन. बेळगावचं दुकान चुलतभाऊ बघतो. मालासोबत चलान, म्हणजे काय आणि किती माल कुठे चाललाय याचा कागद, मागितलं की त्याचं पालुपद ठरलेलं: "आपलाच माल, आपलंच दुकान, चलान कशाला?"

ऐन लग्नसराईत नागपूरहून नवऱ्या मुलासाठी कापशीच्या (कोल्हापुरीचाच एक प्रकार) आठ नंबरच्या जोडाची ऑर्डर आली. पैसे जमा, कोल्हापुरात दोन जोड शिल्लक दिसतायत. पोरगा फळीवर गेला तर सात आहे, नऊ आहे, आठचा बॉक्सच नाही. माळा झाला, डिस्प्ले झाला, परत आलेल्या मालाची पोती उपसून झाली. संध्याकाळी उलगडा झाला. रविवारी भाऊ येऊन गेला होता आणि जाताना दोन्ही जोड डिकीत टाकून घेऊन गेला होता. एक बेळगावात विकलाही गेला, दुसरा काचेमागे उन्हात लावल्यामुळे अंगठ्याचा पट्टा फिकट पडलेला. नवा करून घ्यावा तर सगळं हातकाम, लग्नाआधी होणं शक्य नव्हतं. मुलाच्या वडिलांना फोन मी केला. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "नव्हता तर दाखवलात कशाला?"

आणि बेळगाव म्हणजे दुसरं राज्य. जीएसटीत दोन राज्यांतल्या आपल्याच शाखा दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात. एक पैसा न घेता माल पाठवला तरी टॅक्स इन्व्हॉइस लागतं आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) भरावा लागतो. त्याचं क्रेडिट तिकडच्या दुकानाला मिळतं, म्हणजे कर बुडीत जात नाही. पण बिलाशिवाय डिकीतून माल नेणं हा आळस नाही, बेकायदा काम आहे. कोल्हापूर-पुणे एकाच जीएसटी नंबरावर असल्यामुळे तिथे डिलिव्हरी चलान पुरतं.

त्या प्रकारानंतर मी नियम घातला: कागदाशिवाय जोड उंबरा ओलांडणार नाही, नेणारा घरचा असला तरी. टॅलीत "वाटेत" नावाचं एक जादा गोडाऊन उघडलं. कोल्हापुरातून माल निघाला की स्टॉक जर्नलने (एका गोडाऊनमधून दुसऱ्यात माल हलवल्याची टॅलीतली नोंद) तिथे जातो, पुण्याच्या माणसाने बॉक्स उघडून नंबर बघितला की मगच पुण्यात चढतो. मधल्या वेळात तो कुणालाच विकता येत नाही. ऑनलाइन ऑर्डर आली की जोड लगेच वेगळ्या फळीवर, त्यावर ऑर्डरची चिठ्ठी. प्रत्येक नंबराचा शेवटचा जोड ऑनलाइन दाखवतच नाही, तो दुकानातल्या गिऱ्हाइकाचा. आणि मोजणी मार्चमध्ये एकदाच करण्यात काही अर्थ नाही, रोज एक फळी मोजा.

ऑर्डर कोणत्या दुकानातून पाठवायची, हेही तुम्ही विचारलंय. जिथे तो नंबर जास्त आहे तिथून. कुरिअरचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण साइजचा सेट फोडू नका. सात-आठ नसलेली फळी काही कामाची नाही.

हे सगळं हाताने बनलेल्या, कमी नगांच्या मालाचं आहे. किराणा किंवा मोबाइल विकत असाल तर शेवटच्या जोडाचा नियम तसाच्या तसा लागू होणार नाही. ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन काढलेला कागद) मर्यादाही सीएकडून समजून घ्या: राज्याबाहेर 50,000 रुपयांच्या वरचा माल, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1,00,000 च्या वरचा.

भाऊ अजूनही म्हणतो की मी घरात परकेपणा आणला. मला ते मान्य नाही. चलान मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याने पैसे भरलेत त्याचा जोड जागेवर असावा, एवढ्यासाठीच ते आहे. तुमच्याकडेही असं म्हणणारं कुणी असेल, तर सॉफ्टवेअर घेण्याआधी त्या माणसाशी बसून बोला.