तुमचे प्रश्न : ‘पुन्हा नमुना द्या’ असं का म्हणतात?

प्रश्न : तीन महिन्यांच्या बाळाची घामाची तपासणी केली. ‘घाम पुरेसा नाही, पुन्हा या’ म्हणाले. एवढ्याशा जिवाला परत त्रास? निघाला तेवढ्यावरच का नाही तपासत?

उत्तर : राग रास्त आहे, पण त्यांनी परत पाठवलं ते बरंच केलं. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात घामातलं क्लोराइड (मिठाचा एक घटक) घामाच्या ग्रंथींच्या नळीत परत शोषलं जात नाही, म्हणून ते मोजतात. लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजाराची दाट शक्यता, ३०च्या खाली आलं तर फार कमी. मधला आकडा आला की पुढच्या तपासण्या.

गिब्सन आणि कुक यांनी १९५९ साली बसवलेली पद्धतच आजही वापरतात. सौम्य वीजप्रवाहाने पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध त्वचेत उतरवायचं आणि मग ३० मिनिटं घाम टिपायचा. फिल्टर पेपरवर निदान ७५ मिलिग्रॅम हवा. ग्रंथी मंद चालल्या तर क्लोराइड शोषायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा उगाच खाली येतो. टिपलेला घाम उडून गेला, तर मीठ दाट होऊन आकडा उगाच चढतो. थोड्याशा घामावर दिलेला अहवाल म्हणजे निव्वळ अंदाज.

उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा चिमटा न घेता तो कागद बोटांनी उचलला. बोटांवर माझाच घाम, माझंच मीठ! आमच्या बाईंनी एक शब्द न बोलता कागद टाकून दिला आणि बाळाच्या आईला सांगायला मलाच बाहेर पाठवलं. ‘पुन्हा या’ म्हणताना जीभ किती जड होते, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या खेपेला बाळाला नीट दूध पाजून न्या. हातांना क्रीम लावू नका.

प्रश्न : थायरॉइडच्या तपासणीत माझं टीएसएच फार कमी आणि टी-४ जास्त आलंय, पण लक्षणं काहीच नाहीत. केसांच्या गोळ्या सोडल्या तर कुठलंही औषध घेत नाही.

उत्तर : घोडं तिथेच पेंड खातंय! अशा गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, कित्येकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. अनेक हार्मोन तपासण्यांत बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी गोंदासारखी वापरलेली असते. रक्तातलं जादा बायोटिन तिथली जागा अडवतं, मग टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांना सांगून गोळ्या निदान दोन दिवस थांबवा आणि पुन्हा रक्त द्या. थायरॉइडचं औषध त्याआधी सुरू करू नका.

प्रश्न : गरोदरपणाचा सतरावा आठवडा चालू आहे. रक्तात एस्ट्रिऑल हे हार्मोन जवळजवळ शून्य, पण सोनोग्राफी चांगली आहे आणि आठवडेही बरोबर आहेत. माझ्या भावाच्या अंगावर लहानपणापासून खवले आहेत, त्याचा काही संबंध?

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून आभार. असू शकतो. बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सल्फेट जोडलेलं हार्मोन बनवतात. वारेतलं स्टेरॉइड सल्फटेज हे एन्झाइम तो सल्फेट काढतं, तेव्हा कुठे पुढे एस्ट्रिऑल तयार होतं. एन्झाइम नसेल तर एस्ट्रिऑल घसरतं, आणि त्याच कमतरतेमुळे जन्मानंतर त्वचेवर खवले येतात. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, त्यामुळे आईकडून मुलग्यात उतरतो. बहुतेकांना त्वचेपलीकडे फारसा त्रास होत नाही.

मात्र एस्ट्रिऑल कमी असण्याची इतर, गंभीर कारणंही आहेत. ती तुमच्या डॉक्टरांनी आधी तपासायला हवीत. सल्फटेजचं जनुक बहुतेक वेळा अख्खंच गायब असतं, म्हणून हल्ली आधी जनुक पाहतात. गर्भजलातून एन्झाइमच मोजायचं ठरलं, तर त्यातल्या पेशी आधी वाढवाव्या लागतात आणि त्यात बरेच दिवस जातात. भावाची गोष्ट प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर आजच घाला. या कमतरतेत कळा सुरू व्हायला कधीकधी उशीर होतो.