कोंबड्यांसाठी ब्रिटनला यायचं म्हणतेस, तर

तू शिरवळहून पशुवैद्यकाची पदवी घेतलीस, काही वर्षं लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडवर डॉक्टर म्हणून काढलीस, आणि आता ब्रिटनला येऊन शेतीतल्या जनावरांसाठीच्या मोहिमांत काम करायचं म्हणतेस. कोर्स कुठला घ्यावा, व्हिसाचं काय, नोकरी मिळेल का आणि परक्या माणसाचं इथे कोण ऐकून घेईल, असे तुझे प्रश्न आहेत. मी ब्रिस्टलला याच क्षेत्रात काम करते, तेव्हा मला माहीत आहे ते सविस्तर सांगते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुला खरी धास्ती त्याचीच दिसते.

तुझं ऐकावंच लागेल, कारण तू इथली मतदार असशील. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे संसदेच्या निवडणुकीतसुद्धा मत देता येतं. विद्यार्थ्यालाही. शेजारी जर्मनीहून किंवा पोलंडहून आलेला असेल, तर ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय त्याला हा हक्क मिळत नाही. आपल्याकडून येणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. राहायची जागा पक्की झाली की लगेच यादीत नाव घाल. नोंदणी ऑनलाइन होते आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. इथले खासदार आपापल्या मतदारसंघात, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, लोकांना भेटायला बसतात. वेळ ठरवून, एका पानाचं टिपण घेऊन जायचं आणि एकच मागणी मांडायची. संसदेकडे जाणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर इथे राहणाऱ्या कुणालाही सही करता येते. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं आणि १,००,००० झाल्या की संसदेत चर्चा घ्यायची का याचा विचार होतो.

आता कामाचं स्वरूप. लोकांनी मांस-अंडी खावीत की नाही, हा वाद इथेही आहे, पण कायदा आजवर हलला तो मोजमापाने. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी बंदिस्त पशुपालनावर पुस्तक लिहिलं आणि देशभर खळबळ उडाली. सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. तिच्या १९६५ च्या अहवालाने सांगितलं की जनावराला उभं राहता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. इतकी साधी मागणी. पुढे ज्यांना ‘पाच स्वातंत्र्यं’ म्हणून जगभर मान्यता मिळाली, त्यांचं मूळ इथे आहे. १९६७ मध्ये हॅम्पशायरमधले दुग्धव्यावसायिक पीटर रॉबर्ट्स आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी ‘कम्पॅशन इन वर्ल्ड फार्मिंग’ ही संस्था काढली. या चळवळीतली सगळ्यांत मोठी संस्था गोठ्यात राबलेल्या माणसाने उभी केली, हे लक्षात ठेव. ‘तुम्हाला शेतीतलं काय कळतं?’ असं कुणी विचारलं तर तुझ्याकडेही उत्तर आहे.

तुझ्या ओळखीचा विषय घेऊ. युरोपीय संघात साधे बॅटरी पिंजरे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे ओळीने रचलेले उघडेबोडके पिंजरे, १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. तेव्हा ब्रिटन संघात होता. शेवटच्या काळात अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा होती, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. त्यांच्या जागी ‘सुधारित’ पिंजरे आले. त्यात कोंबडीमागे ७५० चौरस सेंटिमीटर जागा, बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा आणि नखं घासायची सोय असते. पंख पूर्ण पसरून फडफडवायला मात्र तिथेही जागा पुरत नाही. हे पिंजरेही जावेत, ही आजची मोठी मोहीम आहे. दुकानात अंड्यावर छापलेला पहिला आकडा बघ: ० सेंद्रिय, १ मोकळ्या रानातली, २ शेडमधली (जमिनीवर भुसा पसरायच्या आपल्या गादी पद्धतीच्या जवळची) आणि ३ पिंजऱ्यातली. हा आकडा छापणं सक्तीचं झालं आणि गिऱ्हाईक निवडू लागलं. आज ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या अंड्यांपैकी निम्म्याहून जास्त अंडी मोकळ्या रानातल्या कोंबड्यांची असतात. माझ्या मते चळवळीच्या सगळ्या कमाईत या एका आकड्याचा वाटा फार मोठा आहे.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं, दुखणं वेगळं आहे. तिथे पिंजरा नसतो, पण गर्दी असते. इंग्लंडमध्ये कायद्याने चौरस मीटरला ३९ किलोपर्यंत पक्षी ठेवता येतात. प्राणीकल्याण संस्थांच्या ‘बेटर चिकन कमिटमेंट’ नावाच्या मागणीपत्रात ही मर्यादा ३० किलो आहे, शिवाय सावकाश वाढणाऱ्या जाती वापरायची अट आहे. अनेक सुपरमार्केटांनी ३० किलोचं मान्य केलं आणि जातीचं टाळलं, कारण खरा खर्च तिथे आहे. पाच-सहा आठवड्यांत विक्रीच्या वजनाला पोचणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. हे तू शेडमध्ये उभं राहून पाहिलंयस. आमच्या बैठकांत बहुतेकांनी ते कागदावरच पाहिलेलं असतं.

शेतकऱ्याला सोडून केलेली सुधारणा कशी उलटते, तेही अभ्यासून ये. गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही असे लोखंडी कप्पे ब्रिटनने १९९९ मध्ये बंद केले. निर्णय योग्यच होता. पण युरोपीय संघात ते २०१३ पर्यंत चालू राहिले, तेही पुढे गाभणपणाचे पहिले चार आठवडे वगळूनच बंद झाले. त्या काळात इथल्या शेतकऱ्याचा खर्च वाढला आणि स्वस्त आयात मांस त्याच कप्प्यांतून येत राहिलं. इथली डुकरिणींची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. एवढं एकच कारण त्यामागे नव्हतं, पण पशुपालकांच्या मनात ती जखम अजून आहे. वासरांचंही तसंच. मांसासाठीच्या वासरांचे अरुंद कप्पे इथे १९९० मध्ये बंद झाले आणि इथली वासरं जहाजातून युरोपात, तसल्याच कप्प्यांत जाऊ लागली.

त्यातूनच १९९५ ची आंदोलनं पेटली. शोरहॅम आणि ब्राइटलिंगसी या छोट्या बंदरांवर निवृत्त माणसं, गृहिणी, शाळकरी मुलं लॉऱ्यांपुढे उभी राहिली. १ फेब्रुवारीला कॉव्हेंट्री विमानतळाजवळ जिल फिप्स ही ३१ वर्षांची तरुण आई वासरांच्या लॉरीखाली सापडून मरण पावली. युरोपीय संघात असेपर्यंत ब्रिटनला अशी निर्यात एकट्याने थांबवता येत नव्हती. ग्रेट ब्रिटनमधून कत्तलीसाठी आणि चरबी चढवण्यासाठी जिवंत जनावरं बाहेर पाठवायला बंदी करणारा कायदा मे २०२४ मध्ये झाला. उत्तर आयर्लंड त्यातून वगळलेलं आहे. मधली जवळपास तीस वर्षं मोजून बघ आणि मगच ठरव, की एवढं लांबचं काम तुला झेपणार आहे का.

व्हिसाबाबत मी स्पष्टच बोलते. प्राणीकल्याण संस्थांमधली नोकरी धरून थेट येणं जवळजवळ अशक्य आहे. कुशल कामगार व्हिसासाठी जुलै २०२५ पासून साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो. मोहिमेतल्या सुरुवातीच्या जागांना तेवढा मिळत नाही, आणि परदेशी माणूस घेण्याचा परवानाही पुष्कळ संस्थांकडे नसतो. त्यामुळे मार्ग दोन उरतात. पहिला, पदव्युत्तर अभ्यास. एडिंबरा विद्यापीठाचा पशुवर्तन आणि पशुकल्याणाचा एमएस्सी अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे.  शिकताना सत्रात आठवड्याला २० तास काम करता येतं. संस्थेत विनावेतन जाणार असलीस तर आधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाला विचार, कारण ठरलेल्या तासांचं आणि जबाबदारीचं विनावेतन कामही त्या २० तासांत धरलं जातं. पदवीनंतरचा व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. कर्ज काढण्याआधी हा हिशेब घरच्यांपुढे मांड.

दुसरा मार्ग तुझ्या पदवीचा. भारतीय पदवीवर इथे थेट प्रॅक्टिस करता येत नाही, पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या रॉयल कॉलेजची परीक्षा द्यावी लागते. ती अवघड आणि महाग आहे. इथल्या कत्तलखान्यांतले सरकारी पशुवैद्य मात्र बहुतांशी परदेशात शिकलेले असतात. इंग्लंडमध्ये २०१८ पासून कत्तलखान्यात जिवंत जनावरं असतात त्या प्रत्येक जागी कॅमेरा सक्तीचा आहे, आणि ते चित्रण मागायचा अधिकार या पशुवैद्याला असतो. काम मन पिळवटून टाकणारं आहे. तरीही, बेशुद्ध करण्याचं यंत्र नीट चालत नाही म्हणून कत्तलीची ओळ तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार या पशुवैद्याला असतो. हे मोहिमेचं काम नाही म्हणून त्याला कमी लेखू नकोस.

निदर्शनांना खुशाल जा. पण २०२२ आणि २०२३ च्या कायद्यांनी पोलिसांचे अधिकार खूप वाढवले आहेत, आणि अटकेची नोंद व्हिसाच्या पुढच्या अर्जात आडवी येऊ शकते. रात्री कुणाच्या शेडमध्ये शिरून चित्रण करायला कुणी बोलावलं तर ठाम नाही म्हण. तिथे सापडलेला ब्रिटिश माणूस शिक्षा भोगून इथेच राहील, तुला देश सोडावा लागू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. बेशुद्ध न करता होणाऱ्या कत्तलीला इथे धार्मिक कारणासाठी सूट आहे. तिला इथल्या पशुवैद्यांच्या संघटनेचा विरोध आहे आणि त्यामागे शास्त्रीय कारणं आहेत. पण हाच मुद्दा हातात घेऊन मुसलमानांवर तुटून पडणारे लोकही आहेत, आणि भारतीय नावाची पशुवैद्य त्यांना व्यासपीठावर हवीच असते. बरंचसं हलाल मांस इथे आधी बेशुद्ध केलेल्या जनावराचं असतं, हे ते सांगत नाहीत. तिथे जाऊ नकोस. जनावराच्या नावाने माणसाला बडवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून येणाऱ्या तुला मी वेगळं सांगायला नको.

आता तयारी. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पुन्हा वाच. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, आणि इथे तो आकडा सांगितला की लोकांना विश्वास बसत नाही. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवरचा भारतीय विधी आयोगाचा २०१७ चा २६९ वा अहवालही वाच. जुन्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र आत्ताच घे, नोकरी सोडल्यावर ते मिळायला त्रास होतो. विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात ‘मला लहानपणापासून प्राणी आवडतात’ हे वाक्य घालू नकोस, ते प्रत्येकाच्या अर्जात असतं. त्याऐवजी तुझ्या शेडमध्ये एका पिंजऱ्यात किती पक्षी होते, पिंजऱ्याची लांबी-रुंदी किती होती, मर कधी वाढायची आणि तू काय बदलायला सांगितलंस, ते लिही. मसुदा झाला की मला पाठव. एडिंबराच्या अर्जाची मुदत त्यांच्या संकेतस्थळावर बघ आणि त्याच्या निदान महिनाभर आधी पाठव, म्हणजे नीट वाचून दुरुस्त्या सुचवता येतील.