जेवलीस काय गं?

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पत्र्यावरच्या पावसात पहिल्यांदा निम्मा कळलाच नाही. तर तक्रार अशी की श्रावणी सोमवार म्हणून आजोबांबरोबर कपिलेश्वराला जाऊन घरी येईपर्यंत पाच जणांनी तुला 'जेवलीस काय गं?' विचारलं. त्यातले दोघे तुला ओळखतही नव्हते, आणि घड्याळात जेमतेम साडेअकरा. 'मी एवढी उपाशी दिसते का? मराठी लोकांना दुसरं काही विचारता येत नाही का?'

फोनवर तू मधेच पळतेस, म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली की आज्जी वाचून दाखवेल. (आई, काही गाळायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे.)

आधी एक दुरुस्ती. देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशी 'ऊटा आतेनवा?' म्हणाल्या असतील, तू ते काहीतरी कन्नड म्हणून सोडून दिलंस. ते धरून सहा जण. आपल्या बेळगावच्या शहापुरात हा प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच फिरतो, आणि आज्जी समोरच्याचं तोंड बघून भाषा बदलते. तिला विचार, कधी बदलली ते तिलाही सांगता येणार नाही. मग दुकानांच्या पाट्यांवरून एवढी भांडणं कशाला, असं तुझ्या मनात येईलच. ते आजोबांना विचार, पण दोन तास हाताशी ठेवून. ते १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून सुरुवात करतात.

हा प्रश्न आला कुठून, यावरही आजोबांचं उत्तर ठरलेलं आहे: दुष्काळ. १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ बेळगाव, धारवाड, कलादगी या सगळ्या भागाला पोळून गेला, तेव्हापासून माणूस माणसाला आधी पोटाचंच विचारतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटत नाही. टिळकवाडीत चार पिढ्या तूप खाणारी माणसंही हेच विचारतात की. आणि सोमवारी तुला विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांचा तर स्वतःचा उपवास असणार.

मी लंडनला नवी आले तेव्हा दुकानातल्या काउंटरवरची बाई म्हणाली, 'यू ऑलराइट?' मला केवढं बरं वाटलं! मी सांगायला लागले: घसा धरलाय, खोलीतला हीटर चालत नाही, चार वाजायच्या आत अंधार पडतो त्यानं जीव घाबरतो. ती हातात माझा पाव धरून बघत राहिली. मागे रांग खोळंबली. या प्रश्नाला 'यू ऑलराइट?' हेच उत्तर असतं, हे मला कळायला महिना गेला.

आपल्या प्रश्नाचं तसं नाही. त्याला खरं उत्तर दिलंस तर पुढे ताट येतं.

मी दहावीत असताना आईशी भांडून न जेवता घराबाहेर पडले. (आई, वाच.) भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही, पण चूक तिची होती. शेजारच्या काकू उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. 'जेवलीस काय गं?' मी म्हटलं, 'होय.' त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन आमटी-भात वाढला. एक अक्षर विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार घरांना ठाऊक झालं होतं की ह्यांच्या पोरीनं डोक्यात राख घातली आहे, आणि रात्री आई मला म्हणाली, 'आमटीत मीठ बरोबर होतं काय गं?'

म्हणून सांगते, त्या प्रश्नाचा मलाही वैताग यायचा. लंडनचं पहिलं सुख कुठलं, तर कुणी विचारत नाही. रात्री अकराला बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसून मी थंड पिझ्झा खाल्लाय, खाली नदीवर दिवे, आणि कुणी मान वळवली नाही. कधी कधी अजूनही मला ते हवं असतं.

पण तुझ्या मैत्रिणीला जेवायला बोलवायचं तर तिच्या आईशी तीन आठवडे आधीपासून मेसेज सुरू होतात, शेंगदाणा चालतो का इथपासून. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात 'जेवून जा' म्हणणाऱ्या पुष्कळ बायका भेटतात. मंडळ १९३२पासून आहे, पण आपल्या प्लमस्टेडहून तिथे पोचायला तास-सव्वा तास. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला पहिल्यांदा मनापासून 'ऑलराइट?' विचारलं ते मी मोहरीची फोडणी दिली आणि धुराचा भोंगा वाजला तेव्हा. हातात ओला टॉवेल घेऊन आले होते बिचारे.

त्याच पहिल्या हिवाळ्यात तीन दिवस तापानं पडले होते. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नेपाळी दुकानात गेले. दुकानदारांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'खाना खानुभयो?' मला नेपाळी येत नाही. तरी कळलं. मी 'नाही' म्हटलं, मराठीतच. त्यांनी लिंबू दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि हातानं दाखवलं, भात, मऊ, पातळ. घरी येऊन मऊ भात केला, वर लिंबू पिळलं, आणि आईनं दिलेल्या पुडीतली शेंगा-चटणी. पुढे ऑफिसातल्या चिनी बाईंनी सांगितलं, त्यांच्याकडची जुनी माणसंही भेटल्यावर हेच विचारतात. तेव्हा हा काही एकट्या मराठी लोकांचा दोष नाही.

आता उत्तर कसं द्यायचं ते. रस्त्यात कुणी विचारलं तर 'होय, तुम्ही?' एवढं पुरे, पण थांबून म्हण, चालता चालता नको. कुणाच्या उंबऱ्यात विचारलं तर 'नाही अजून' हे फार विचार करून म्हणायचं, कारण मग पाट मांडतील आणि भाकरीवर भाकरी येत राहील. 'होय' म्हटलंस तरी चहा चुकणार नाही. कुंदा हवा असेल तर पलीकडच्या गल्लीतल्या मामींकडे जा आणि फक्त गप्प उभी राहा.

इथे पावणेनऊ झालेत, बाहेर अजून उजेड आहे. तू काय काय खाल्लंस ते लिही. मी अजून जेवले नाही. आई, फोन करू नकोस, भात टाकलाय.

तुझी,
आई