व इतर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या हॉकी क्लबचा इतिहास तू लिहायला घेतलास. क्लबच्या स्थापनेचं साल एक आजोबा १९२८ सांगतात, दुसरे १९३६ वर अडून बसलेत, आणि कमिटी म्हणते १९२८ टाकून मोकळी हो, म्हणजे शताब्दी लवकर करता येईल. आणि तू मला विचारतेस, ‘काका, कोणाचं खरं मानू?’

कोणाचंच मानू नको. दोन्ही सालं ऑलिम्पिकची आहेत, हे तुझ्या ध्यानात आलं नाही काय? १९२८ ॲम्स्टरडॅम. १९३६ बर्लिन, फायनलला जर्मनीवर ८-१. म्हाताऱ्या माणसाला क्लबचं साल आठवत नाही, ध्यानचंदचं आठवतं, आणि मग तो आपला क्लब नेऊन त्या सालाला बांधतो. खोटं बोलत नाहीत ते. त्यांना खरंच तसं वाटतं.

साल कोरं सोड. आधी अकरा नावं लिही.

तुझ्याजवळ तो शील्ड मधे ठेवून काढलेला टीमचा फोटो आहे. त्याखाली तू लिहिलंस, ‘बसलेल्यांत मधोमध तत्कालीन अध्यक्ष, शेजारी कॅप्टन, व इतर.’ हे ‘व इतर’ वाचून माझं डोकं फिरलं. इतर कोण? गोलकीपर, आपला गोली, तोही इतर? थंडीतल्या सकाळी कडक मुरमावर चेंडू कसा उसळतो ते तुला ठाऊक नाही. पायाला लागला की नडगी काळीनिळी व्हायची. त्या मैदानावर जो पॅड बांधून उभा राहिला त्याला तू ‘इतर’ म्हणतेस, आणि ज्यानं आयुष्यात स्टिक धरली नाही त्या अध्यक्षाला नावानिशी छापतेस?

रागावलो. पण तुझ्यावर नाही. तुला तसंच शिकवलं गेलं.

आता नावांनी होतं काय ते बघ. अकरा नावं हाती आली की साल आपोआप जवळ येतं. आपलं नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं. राज्यं नव्यानं पाडली, मध्य प्रदेशाचं सचिवालय भोपाळला गेलं आणि त्यासोबत किती तरी कारकून बिऱ्हाड घेऊन गेले. तुझ्या फोटोतले दोघे-तिघे सचिवालयातले निघाले, तर फोटो बहुधा त्याच्या आधीचा. रेल्वेतली अँग्लो-इंडियन पोरं असतील, मोतीबागेच्या वर्कशॉपातली म्हण की अजनीच्या क्वार्टरांतली, तर त्यांच्या घरचे कधी गेले ते शोध. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातले पुष्कळ जण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेले. कामठीचा एखादा निघाला तर त्याच्या मोहल्ल्यात जा. अध्यक्षाच्या नावावरून यातलं काही कळत नाही. तो तीस वर्षं एकच असतो.

नावं कुठून आणायची, हेही विचारलंस. हितवाद हे आपल्याकडचं इंग्रजी वर्तमानपत्र १९११ पासून निघतंय. जुन्या फायली जिथे उघडू देतील तिथे बस. थंडीच्या दिवसांतले अंक आधी काढ, खेळाचा कोपरा बघ. जुन्या बातमीत टीम अर्धविरामांनी तोडून छापत: पहिलं नाव गोली, मग दोन बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड, राइट आउटपासून लेफ्ट आउटपर्यंत. तेव्हा असंच खेळत. तुझे आजोबा ‘इनसाइड लेफ्ट’ म्हणाले तेव्हा तू वहीत नुसतं ‘फॉरवर्ड’ लिहून घेतलंस. असं करू नको. पाचांतला नेमका कोणता, ते लिही. त्यावरूनच फोटोतला माणूस आणि बातमीतलं नाव जुळतं.

आणि बातमीवरही आंधळा विश्वास नको. टूर्नामेंटला पाहुणे प्लेअर आणायची पद्धत होती. ज्याला त्याच्या ऑफिसची टीम सोडून खेळायची परवानगी नसे, तो भलत्याच नावावर उतरायचा. म्हणून छापील नाव जुन्या प्लेअरला वाचून दाखव. तो हसला, की समज.

एक मोह मात्र टाळ. ॲम्स्टरडॅमच्या टीममध्ये आपल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांताचा, रेक्स नॉरिस होता. कमिटीतलं कोणीतरी उद्या म्हणेल, तो आपल्याच मैदानावर घडला, टाका आत. प्रांत जबलपूरपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरला होता, बाप्पा. तुमच्या एखाद्या अकरांत त्याचं नाव सापडलं तर खुशाल लिही. नाही सापडलं तर नॉरिसला सुखानं राहू दे.

क्लब का बसला, यावर तू एकाच ओळीत ‘ॲस्ट्रोटर्फ आल्यामुळे’ लिहून टाकलंस, म्हणजे कृत्रिम हिरवळीचं मैदान आल्यामुळे. सगळेच लिहितात. १९७५ ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो, पुढच्याच वर्षी माँट्रियलला टर्फवर सातवे आलो, ही गोष्ट देशाची. तुमच्या क्लबची तीच होती काय? दर दशकातली एक टीम मांड. पन्नास-साठच्या दशकांतच अकरा भरेनासे झाले असतील, तर टर्फचा काय दोष? नोकरी देणाऱ्या टीमांनी पोट्टे उचलले असतील. अकरा नावं समोर ठेवलीस तर दिसेल. नाही तर टर्फला शिव्या देत बस, सोपं आहे.

माझ्याविषयी तुला कोणीतरी सांगितलंच असेल. एका क्लबची स्मरणिका मी लिहायला घेतली होती. फायनल खेळलेल्या प्रत्येक टीमची अकराही नावं जातील, ही माझी एकच अट. त्यांना ती पानं जाहिरातींना आणि आश्रयदात्यांच्या फोटोंना हवी होती. म्हणाले, कॅप्टन आणि गोल मारणारे घ्या, बाकीचे कोण वाचतं? मी कागद उचलले आणि घरी आलो. स्मरणिका माझ्याविना निघाली, गुळगुळीत कागदावर. लोक म्हणतात, हट्टापायी तुझं लिहिलेलं कपाटात कुजलं. कुजलं नाही, डांबरगोळ्या घातल्यात. एवढं मात्र खरं, की ती नावं वाचून ज्यांना बरं वाटलं असतं ते आता फारसे उरले नाहीत, आणि ते मला लागतं. तरीही चार नावं छापून सात गाळणं मला जमलं नसतं. तूच सांग, कोणते सात गाळले असते मी?

तुला माझ्याइतकं भांडायची गरज नाही. कमिटीला म्हणावं, अध्यक्षांचा फोटो पूर्ण पानभर घ्या, रंगीत घ्या. मला फक्त दर टीमखाली अकरा ओळी द्या. नाव नाही मिळालं तर ओळ रिकामी ठेव, पण ठेव. रिकामी ओळ पाहून कोणीतरी फोन करतो, ‘अहो, ते माझे मामा.’ ‘व इतर’ पाहून कोणी करत नाही.

रविवारी ये. फोटो फ्रेममधून काढू नको, जुना कागद काचेला चिकटलेला असतो, फाटेल. मोबाइलवर कोनाकोनातून काढून आण. आणि येण्याआधी आजीला विचार, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा, ज्याचे मोजे घसरलेत, तो कोण. आजोबांना टीम आठवेल. जेवायला घरी कोण यायचं, ते आजीला आठवेल.

तुझा काका