गिंग्रिचच्या आधीची चाळीस वर्षं

अमेरिकेतल्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पक्षांमधलं हाडवैर ट्रम्पमुळे सुरू झालं की त्याच्या आधीचा रिपब्लिकन नेता न्यूट गिंग्रिच याच्यामुळे, असा तुमचा प्रश्न आहे. ट्रम्प हे उत्तर नक्कीच नाही. गिंग्रिचचा वाटा मोठा आहे, पण त्याच्यापाशीच थांबलं तर मूळ कारण निसटतं.

भांडणं तिथे जुनीच. १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनरला भर सभागृहात काठीने बेदम मारलं होतं. पण आजचं वैर थेट तिथून आलेलं नाही. मधल्या मोठ्या काळात प्रत्येक पक्षाच्या पोटात दोन-दोन पक्ष होते. दक्षिणेतले वर्णभेदवादी आणि उत्तरेतले कामगार संघटनांचे पाठीराखे, दोघेही डेमोक्रॅट. १९५० मध्ये तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीची तक्रार होती की पक्षांमध्ये पुरेसा फरकच नाही, मतदाराने निवडायचं काय?

वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. ३३ पैकी २७ रिपब्लिकन बाजूने होते. विरोधकांत २१ डेमोक्रॅट, बहुतेक दक्षिणेतले. डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांना रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांची मदत घ्यावीच लागली. त्याच वर्षी, या कायद्याविरुद्ध मत दिलेले रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक वाईट हरले, पण स्वतःच्या ॲरिझोनाबरोबर त्यांनी खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन झाले आणि दोन्ही पक्षांमधली सरमिसळ संपत गेली. जुन्या सलोख्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एक विसरू नये: काळ्या नागरिकांचे हक्क बाजूला ठेवले होते, म्हणून तो सलोखा टिकला होता. तो मोडला याचं मला दुःख नाही.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. १९५५ ते १९९५, सलग चाळीस वर्षं प्रतिनिधीगृह, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, डेमोक्रॅटांच्या ताब्यात होतं. जिंकण्याची आशा नसलेला अल्पसंख्य पक्ष पडतं घेऊन विधेयकात आपलं थोडंफार घालून घेतो. रिपब्लिकन नेते बॉब मिशेल हेच करत. गिंग्रिच १९७८ मध्ये जॉर्जियातून निवडून आला तो या वृत्तीविरुद्धच. त्याचं पहिलं भांडण स्वतःच्या पक्षातल्या ज्येष्ठांशी होतं: मदत कराल तेवढे दिवस विरोधी बाकांवरच बसाल. १९८० मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे आल्यावर त्याचं म्हणणं पटणारे वाढले.

१९७९ पासून प्रतिनिधीगृहाचं कामकाज सी-स्पॅन या टीव्ही वाहिनीवर दिसू लागलं. दिवसाचं काम आटोपल्यावर गिंग्रिच आणि त्याचे साथी रिकाम्या सभागृहात भाषणं ठोकत, डेमोक्रॅटांवर आरोप करत. कॅमेरा फक्त वक्त्यावर असे, त्यामुळे घरी बघणाऱ्याला वाटे की समोरच्यांकडे उत्तरच नाही. मे १९८४ मध्ये सभापती टिप ओ'नील यांनी रिकामी बाकं दाखवायला लावली. नंतरच्या वादात ते इतके भडकले की त्यांचेच शब्द नियमबाह्य ठरले. गिंग्रिच देशभर पोहोचला.

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९८५ मध्ये इंडियानातल्या एका जागेचा निकाल वादात सापडला. राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला विजयी घोषित केलं होतं, तरी डेमोक्रॅट बहुमताने स्वतःच्या फेरमोजणीवर आपला उमेदवार ४ मतांनी विजयी ठरवून बसवला. रिपब्लिकनांनी सभात्याग केला. गिंग्रिचला अतिरेकी समजणारे मवाळ सदस्यही त्या दिवसानंतर त्याचं ऐकू लागले. या प्रकरणाकडे फार दुर्लक्ष होतं. १९८९ मध्ये गिंग्रिचच्याच तक्रारीतून सुरू झालेल्या चौकशीमुळे सभापती जिम राइट यांना राजीनामा द्यावा लागला, आणि १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी ५४ जागा वाढवून बहुमत मिळवलं.

त्यानंतर २००६, २०१०, २०१८, २०२२ असं प्रतिनिधीगृहातलं बहुमत फिरतच राहिलं. पुढच्याच निवडणुकीत सत्ता येऊ शकते असं दिसत असताना समोरच्याच्या विधेयकाला हात लावणं म्हणजे त्याच्या प्रचाराला मदत करणं. १९६५ मध्ये वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, अंतिम मतदानात प्रतिनिधीगृहातल्या ७० रिपब्लिकनांनी डेमोक्रॅट अध्यक्षाला साथ दिली होती. २०१० मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या अंतिम मतदानात एकानेही दिली नाही.