त्या एका वाक्यामुळे अख्खा कागद अडला

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. फुप्फुसाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं होतं, ‘व्हेंटिलेटर लावू नये. वेदना असह्य झाल्यास इंजेक्शन देऊन मला मोकळं करावं.’ खाली शेजारच्या दोघांच्या सह्या आहेत. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना कमी ठेवणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांनी तो कागद वाचून परत दिला. परदेशात काही ठिकाणी पॅलिएटिव्ह केअर आणि इच्छामरण या दोन्ही सेवा हातात हात घालून चालतात, मग इथे का नाही? परदेशी असलेल्या भावाचा तर सगळ्यालाच विरोध आहे.

उत्तर : ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१९पासून स्वेच्छेने मरण पत्करण्याचा कायदा लागू आहे, म्हणून तिथे या दोन सेवांना एकमेकींशी बोलता येतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. रुग्णाच्या संमतीने का होईना, प्राण घेणारं इंजेक्शन देणं हा सदोष मनुष्यवध ठरतो. आत्महत्येला साहाय्य करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ लागतं. तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या वाक्याने डॉक्टरांकडून नेमकं हेच मागितलं आहे. डॉक्टरांनी कागद परत दिला, यात त्यांचं काय चुकलं?

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिलं वाक्य पूर्णपणे कायदेशीर होतं. कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हा घातलेली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची जाचक अट २४ जानेवारी २०२३ रोजी निघाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. ती अट निघायलाच पाच वर्षं लागली, आणि मधल्या काळात किती घरांचे हाल झाले असतील! पण तुमचा कागद या सुधारणेनंतरचा आहे. नोटरीकडे जायला काय हरकत होती?

वडील आज भानावर आहेत ना? मग सगळं यावरच ठरतं. जुना कागद दुरुस्त करत बसू नका, नवा करा, याच आठवड्यात. त्यात इंजेक्शनचा उल्लेखही नको. त्या जागी वेदनाशमन शेवटपर्यंत चालू ठेवावं, मॉर्फिन लागेल तेवढं द्यावं, असं स्पष्ट लिहा. आपल्याला कोणत्या अवस्थेत काय नको, हे वडिलांनी त्यांच्या शब्दांत सांगावं. ते बोलू शकणार नाहीत तेव्हा संमती कोण देणार, त्या व्यक्तीचं नाव घाला. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. मॉर्फिन चालू असलेल्या माणसाची सही गुंगीत घेतली, असा आक्षेप उद्या कोणीही घेऊ शकतं. म्हणून सहीच्या दिवशी, नोटरी येण्याआधी, त्याच पॅलिएटिव्ह डॉक्टरांना घरी बोलवा आणि रुग्ण भानावर आहे, प्रश्नांना नीट उत्तरं देतो, अशी तारीख-वेळेसह नोंद करून घ्या. इंजेक्शनची मागणी गेली की तेही मोकळेपणाने मदत करतील, असं वाटतं.

नव्या कागदाची एक प्रत पॅलिएटिव्ह डॉक्टरांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. पुढे वेळ आली की उपचार थांबवायचे का, याचा निर्णय रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं घेतील. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, असं न्यायालय म्हणतं. प्रत्यक्षात किती लागतील, ते त्या रुग्णालयावर आहे.

कागद होण्याआधीच वडिलांची शुद्ध गेली, तरी मंडळांचा मार्ग बंद होत नाही, पण मग जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. तिथे भावाचा विरोध आडवा येऊ शकतो आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर वेळेची हमी मी देणार नाही. नव्या कागदात तुमचं नाव असेल तर भावाचं म्हणणं कितपत टिकेल याची मला शंका आहे. तरी सहीच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि वडिलांनाच त्याच्याशी बोलू द्या.