जुने स्टुडिओ लाइट घ्यावेत का? नवशिक्याने घेताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की घरातल्या 10 बाय 12 च्या खोलीत पोर्ट्रेट आणि थोडे दागिन्यांचे फोटो काढायचेत, आणि ओळखीतला एक बंद होणारा स्टुडिओ तीन लाइट, छत्र्या, स्टँड असा सगळा सेट एकरकमी द्यायला तयार आहे. माझं मत सांगतो. जुने लाइट, म्हणजे क्षणभर चमकणारे स्टुडिओ फ्लॅश, जरूर घ्या, पण तो सेट उचलू नका. त्यातला चांगला निघेल तो एकच घ्या, किंवा दुसरीकडे एकच बघा.

पासपोर्ट फोटोंवर चालणारे स्टुडिओ गावोगावी आवरते घेतायत, त्यामुळे असा माल भरपूर निघतो आणि स्वस्तही मिळतो. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याच लाइटना फक्त छत्रीचं भोक असतं, नाहीतर त्या कंपनीचाच वेगळा माउंट, म्हणजे लाइटच्या तोंडाशी वस्तू अडकवायची खाच. उद्या सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) किंवा दागिन्यांसाठी स्नूट (उजेडाचा झोत अरुंद करणारी नळी) लावायचा म्हटलं की शोधत फिरायचं. म्हणून आधी बोवेन्स माउंट आहे का ते बघा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी 2017 साली बंद झाली, पण तिचा माउंट चिनी गोडॉक्ससकट कितीतरी कंपन्यांनी उचलला आणि आज स्वस्त सॉफ्टबॉक्स त्याचे सहज मिळतात. नाव मोठं म्हणून जुनं प्रोफोटो किंवा एलिन्क्रोम घेण्याचा मोह होईल. लाइट उत्तमच असतात, पण माउंट त्यांचे स्वतःचे आणि ट्यूब (फ्लॅश देणारी काचेची नळी) गेली तर खर्च मजबूत. पहिल्या लाइटला ते कशाला?

ताकद वॅट-सेकंदात, म्हणजे एका फ्लॅशला किती ऊर्जा सोडली जाते त्यात, मोजतात. तुमच्या खोलीला 200 ते 300 पुष्कळ झाले. विकणारा "600 चा आहे, जबरदस्त आहे" म्हणेल, तेव्हा त्याला उलटा प्रश्न विचारा : कमीत कमी किती करता येतो? काही जुने लाइट पाव पॉवरच्या खाली उतरतच नाहीत. लहान खोलीत, माणसापासून तीन-चार फुटांवर, एवढा उजेड आवरत नाही. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून लेन्स एफ 2 पर्यंत उघडलीत की फोटो पांढराफटक. गोडॉक्सचा "एसके 400 टू" हा लाइट पूर्ण ताकदीच्या 1/16 पर्यंत खाली येतो, बोवेन्स माउंट आहे, कॅमेऱ्याचा बिनतारी इशारा पकडणारा रेडिओ रिसीव्हर आतच आहे. असा जुना मिळाला तर तुमचं काम झालं.

आता तपासणी. ती विकणाऱ्याच्या जागेवर, स्वतःचा कॅमेरा नेऊनच करायची.

लाइट बंद, वायर काढलेली आणि गार असताना रिफ्लेक्टर (पुढची वाटी) काढून ट्यूब बघा. टोकांपाशी थोडा करडेपणा वापराने येतोच. काळा थर दूरवर पसरला असेल किंवा काचेला बारीक चीर दिसली, तर ट्यूब गेली असं धरा. बोट लावू नका. ट्यूब पिनांवर बसवलेली आहे की डाग देऊन जोडलेली, हेही विचारा. पिनांची असेल तर घरच्या घरी बदलता येते. त्या मॉडेलची ट्यूब मिळते का, हे पैसे देण्याआधीच मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातल्या एखाद्या दुकानात फोन करून विचारून घ्या.

लाइट वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असेल तर लावल्या लावल्या फुल पॉवरवर मारू देऊ नका. आतले वीज साठवणारे कपॅसिटर वापराविना मरगळतात आणि एकदम पूर्ण भार पडला तर फुटूही शकतात. सगळ्यांत कमी पॉवरवर अर्धा तास नुसता चालू ठेवा, मग हळूहळू वाढवा. जळका वास आला की तिथेच थांबा. आणि "उघडून बघू या" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. वायर काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असतात.

मग खरी परीक्षा. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर 1/125, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून फ्लॅशवर. लाइट पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि फुल पॉवरवर दहा-बारा फ्रेम लागोपाठ काढा, दर वेळी तयार झाल्याचा दिवा किंवा बीप येऊ द्या. मग कॅमेऱ्यात सगळ्या फ्रेम छोट्या करून शेजारी शेजारी बघा. एखादी काळवंडली असेल किंवा एक पिवळट, एक निळसर दिसत असेल, तर तो लाइट सोडा. सगळ्याच सारख्या, पण जरा पिवळट असतील तर हरकत नाही, कॅमेऱ्यात ते सुधारतं. काही स्वस्त लाइटमध्ये लाइट पूर्ण चार्ज होण्याआधीच तयार झाल्याचा दिवा लागतो, म्हणून दिव्यानंतर दोन सेकंद थांबून पुन्हा मारून बघा. तेव्हा सारखं आलं तर दोष दिव्याचा, लाइटचा नाही. भाव पाडायला हे कामाला येतं.

एका गोष्टीला मात्र फसू नका. जुन्या लाइटमध्ये पॉवर कमी केली की साठलेली वीज जायला एक फ्लॅश फुकट मारावा लागतो. तो बिघाड नव्हे.

फिल्मच्या काळातला लाइट असेल तर तो सिंक केबलने (फ्लॅश मारायचा इशारा देणारी वायर) कॅमेऱ्याला थेट जोडू नका. काहींच्या सिंकवर शंभर-दोनशे व्होल्ट असतात, डिजिटल कॅमेरा उडेल. बिनतारी इशारा देणारा रेडिओ ट्रिगर घ्या, तो नवाच घ्या. मान वळवायचा स्क्रू झिजलाय का तेही बघा, सॉफ्टबॉक्स लावल्यावर लाइट मान टाकतो.

भावाचं म्हणाल तर आज नवा केवढ्याला मिळतो ते बघून त्याच्या निम्म्याच्या आसपास. बिल असेल तर थोडं वर. बिल नाही, सीरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं, असं असेल तर फुकट दिला तरी नको.

एलईडी का नको, असंही तुम्ही विचारलंय. दागिन्यांना चालेल, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवता येतो. हलणाऱ्या माणसाला मात्र 60 वॅटचा एलईडी सॉफ्टबॉक्समधून अपुरा पडतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवावा लागतो. सीएफएल बल्बचे सेट तर घेऊच नका, त्वचा हिरवट येते.

दुसऱ्या लाइटचे पैसे वाचतील त्यात एक दणकट स्टँड, मोठा सॉफ्टबॉक्स आणि पांढरा फोम बोर्ड घ्या. बोर्ड चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला धरला की सावली उजळते. आणि भिंती रंगीत असतील तर शूटच्या वेळी त्यावर पांढरी चादर टाका, नाहीतर भिंतीचा रंग गालावर उतरतो.